राजवाड्यातील बभ्रा आणि सरकारी जमाखर्च

पूर्णगडाच्या बुरुजावर उभे राहिले, की एका अंगाला मुचकुंदीची खाडी दिसते आणि समोर मोकळा समुद्र. एप्रिल 1886 मध्ये मद्रासहून निघालेली एक आगबोट याच किनाऱ्याने वर रत्नागिरीला गेली. तीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा होता, त्याच्या राण्या होत्या आणि लहान मुली होत्या. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात जलमार्गही बंद होई. लोकांना एखाद्या राजाचा विसर पाडावयाचा तर याहून सोयीची जागा सरकारला सापडली नसती. त्याआधी 1858 मध्ये दिल्लीच्या बहादुरशहाला याच सरकारने रंगूनला धाडले होते. आता रंगूनच्या बाजूचा राजा इकडे आला. साम्राज्यांनाही आयात-निर्यात करावी लागते, एवढेच.

थिबाच्या घराण्याची आठवण आपल्याकडे निघते ती मुख्यतः एका बभ्र्यासाठी. थोरली राजकन्या म्यात फया जी आणि वाड्यावरचा दरवान गोपाळ सावंत यांचे संबंध जुळले. सावंत विवाहित होता. 1906 साली राजकन्येला मुलगी झाली, तिचे नाव टूटू. हा वृत्तांत सांगताना आजही सांगणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो आणि ऐकणाऱ्याचे कान थोडे पुढे येतात. राजकन्या आणि पहारेकरी! कादंबरीला याहून अधिक काय हवे?

परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. कोणतीही गोष्ट ऐकली, की तिच्या मागचा जमाखर्च पाहावासा वाटतो. येथे तो पाहिला, तर बभ्रा नेमका कोणाचा झाला पाहिजे होता, असा प्रश्न पडतो.

नोव्हेंबर 1885 मधील युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. थिबा तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता. मंडालेच्या राजवाड्यातील माणकांचा आणि जडजवाहिराचा पुढे पत्ता लागला नाही. आपण ही रत्ने सुरक्षिततेसाठी कर्नल स्लेडनच्या हवाली केली होती, असे थिबा अखेरपर्यंत म्हणत राहिला. ‘नगामौक’ नावाचे प्रसिद्ध माणिक त्यांत होते. अर्जांमागून अर्ज गेले. माणिक परत आले नाही. ज्याची खाणच गेली, त्याला मग दरमहा नेमणूक मिळू लागली. ती पुरेनाशी झाली, तेव्हा बरोबर आणलेले दागिने एकेक करून बाजाराची वाट धरू लागले, कर्जेही वाढली. यात राजाच्या उधळेपणाचा भाग होता, हे नाकारण्याचे कारण नाही. दरबारी हात एकाएकी आखडत नाहीत. पण नोकर, समारंभ, घर अशा प्रत्येक बाबीसाठी ज्याला सरकारी मंजुरीकडे डोळे लावून बसावे लागते, त्याला काटकसर तरी कोण शिकविणार? समुद्राकडे पाहणारा तो लाल वाडा 1910 मध्ये पुरा झाला. तोपर्यंतची चोवीस वर्षे हे कुटुंब बंगल्यांतून राहत होते.

मुली मात्र मंजुरीची वाट न पाहता वाढल्या. राजघराण्याच्या रीतीप्रमाणे त्यांना तोलामोलाचा वर हवा. तो रत्नागिरीत कोठून मिळावा? आणि ब्रह्मदेशाशी मोकळा संबंध ठेवण्याची मुभा नव्हती. चार मुलींच्या बापाला कन्यादानाचा अधिकार नावापुरताच उरला होता. वाड्यात ज्या पुरुषांचा वावर होता, ते नोकरचाकर. अशा स्थितीत पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीचे मन दरवानाकडे गेले, तर त्यात नवल ते काय? ते दार तिच्यासाठी कोणी बंद केले होते, हे मात्र कोणी विचारले नाही. धाकट्या बहिणीने 1917 मध्ये वाड्यातून पळून जाऊन ब्रह्मी तरुणाशी लग्न केले.

याच्या शेजारी दुसरे एक प्रकरण ठेवून पाहावे. 12 जानेवारी 1925 रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला आणि त्याच्याबरोबरच्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. धागे इंदूरच्या दरबारापर्यंत गेले. चौकशी की राजत्याग, असा पर्याय समोर आला, तेव्हा तुकोजीराव होळकरांनी 1926 मध्ये गादी सोडली. तेथे सोडण्याजोगी गादी तरी होती. रत्नागिरीच्या बभ्र्याची किंमत एका स्त्रीने आणि तिच्या लेकीने भरली, आणि त्यांच्याजवळ सोडण्यासारखे काहीच नव्हते.

थिबा डिसेंबर 1916 मध्ये वारला. 1919 मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशी परतण्याची मोकळीक मिळाली, आणि सारे गेले. थोरली राजकन्या मात्र लेकीला घेऊन रत्नागिरीस परत आली आणि 1947 मध्ये येथेच वारली. टूटू मराठी बोलत वाढली, मराठी घरात तिचा संसार झाला, आणि राजाच्या या नातीने कागदी फुले विकून, गोवऱ्या थापून दिवस काढले.

डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले आणि थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. टूटू त्याच गावात 2000 साली वारली होती.