विश्लेषण : गुलाबी बोंडअळीविरुद्ध अख्खे शिवार एकत्र का येत नाही? मारेगावच्या कपाशीतले सहकार्याचे गणित

मारेगाव तालुक्यात खरिपाचे मुख्य पीक कपाशी. कुणाच्या वावरात विहीर आहे, कुणाचे सगळे पावसावर. कुणाकडे दोन एकर, कुणाकडे वीस. धुरा मात्र सामाईक आणि गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला सातबारा कळत नाही. त्यामुळे एकाच्या वावरातला निर्णय दुसऱ्याच्या बोंडात उतरतो. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशी पोखरली. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे इतरही कारणे होती, पण किडीचा दाब वाढला की फवाऱ्यांची संख्या वाढते, हे साधे आहे.

नॉन-बीटीच्या पुडीचे काम काय होते?

देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे बीजी-२ वाण २००६ मध्ये आले. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची वेगळी पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने ओळींमध्ये लावायची होती. या ओळींवर बीटीला बळी पडणारे पतंग जगावेत, त्यांचा संकर बीटी पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी व्हावा आणि त्यांची पिल्ले बीटी कपाशीवर मरावीत, ही कल्पना. थोडक्यात, अळ्यांमधली विविधता टिकवून ठेवायची. अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा असे इतर आसरे मिळतात. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यासाठी या ओळी जास्त गरजेच्या होत्या.

बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे, पण हिशेब करून बघा. समजा १०० एकरांच्या शिवारात दहा शेतकरी आहेत, प्रत्येकाकडे दहा एकर. एकाने या ओळी राखल्या तर त्याचे १,००० रुपये जातात आणि शिवाराचे मिळून ३,००० वाचतात. त्याच्या वाट्याला येतात ३००. म्हणजे एकट्याला ७०० चा तोटा. दहाही जणांनी केले तर प्रत्येकी १,००० घालून ३,००० मिळतात. तरीही ‘बाकीचे करतील, मी कशाला?’ हे प्रत्येकासाठी फायद्याचेच राहते. पुढच्या वर्षी माणूस ज्याचे बरे झाले त्याचे बघून बियाणे घेतो आणि न लावण्याची सवय शिवारभर पसरते. उत्क्रांतीच्या भाषेत ही वृत्तींची निवड. शेतकऱ्याची सवय हंगामातून एकदा बदलते. अळीच्या मात्र एका हंगामात अनेक पिढ्या होतात. ही शर्यत कोण जिंकणार होते?

सगळे सारखे नसले तर?

आता त्याच शिवारात एकाकडे ४० एकर आहेत असे धरा. त्याने एकट्याने १,००० घातले तरी त्याच्या वाट्याला १,२०० येतात. इतर कुणी काही करो वा न करो, त्याला ते परवडते. मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये हा मुद्दा मांडला होता. २००८ मध्ये ‘नेचर’मधील सांतोस आणि पाचेको यांच्या संशोधनानेही दाखवले, की खेळाडूंचे संबंध आणि योगदान सारखे नसले तर सहकार्य टिकण्याची शक्यता वाढते.

स्वभावाचेही तसेच. झुरिचमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साधारण निम्मे जण ‘इतर देतील तर मीही देईन’ या वृत्तीचे निघाले. जवळपास तिसरा हिस्सा फुकट्यांचा होता. ही निम्मी माणसे धुऱ्यापलीकडे बघत असतात. पलीकडे काही दिसलेच नाही तर तीही थांबतात.

मग सरकारने काय केले?

नॉन-बीटी बियाणे ४७५ ग्रॅमच्या पाकिटात मिसळूनच देण्याची पद्धत आणली. शेतकऱ्याला विचारायचेच नाही, हा उपाय गणिताच्या दृष्टीने हुशार आहे. पण तोवर बोंडअळी बीजी-२ ला सरावली होती, आणि विदर्भात चोरून विकल्या जाणाऱ्या एचटीबीटीच्या पाकिटात असे मिश्रण असेल याची हमी नाही.

आता सगळी भिस्त कशावर?

हंगाम वेळेत संपवण्यावर. डिसेंबरअखेर उलंगवाडी करून पऱ्हाट्या काढल्या आणि पुढे पाच-सहा महिने शिवारात कपाशी नसली, तर अळीचे जीवनचक्र तुटते. हंगामाआधी फार लवकर शेतकऱ्यांना बियाणे विकण्यावर राज्यात निर्बंध आणले गेले तेही यासाठीच.

इथे विविधता उलटी फिरते. कोरडवाहू शेतकऱ्याची कपाशी ओलाव्याअभावी आपोआप संपते. त्याला हा नियम फुकट पडतो. ओलीत असलेल्याला मात्र फरदडीतून आणखी एक-दोन वेचे मिळतात. त्याच्या फरदडीवर पोसलेली अळी पुढच्या हंगामात दोन एकरवाल्याच्या बोंडात शिरते. म्हणजे गावसभेत सर्वांना एकच सूचना वाचून दाखवण्यात फारसा अर्थ नाही. बोलायचे ते विहीरवाल्या मोजक्या लोकांशी, आणि बुडणाऱ्या वेच्याच्या बदल्यात त्यांना हरभऱ्यासारखे काही देता आले पाहिजे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हे जमले. अ‍ॅरिझोनात बहुतांश शेतकऱ्यांनी नॉन-बीटी कपाशी राखली, २००६ पासून वंध्य पतंग सोडले गेले, खर्चात शेतकऱ्यांनीही वाटा उचलला आणि २०१८ मध्ये तिथल्या कृषी विभागाने व्यावसायिक कपाशीतून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. अर्थात तिथे मोठी शेते आणि मोजके मालक. आपल्या हिशेबातले ४० एकरवालेच सगळे.

आपल्याकडे त्यातल्या त्यात परवडणारी गोष्ट म्हणजे कामगंध सापळे. हेक्टरी पाच सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीचा विचार करावा, अशी शिफारस आहे. सापळा धुऱ्यावरून शेजाऱ्यालाही दिसतो, हा त्याचा वेगळा फायदा. साठवलेल्या कापसातून आणि सरकीतूनही पतंग निघतात, म्हणून जिनिंगच्या आवारातही सापळे लावायला सांगितले जाते. तिथे निर्णय एकाच मालकाचा असतो.