एअर इंडिया: समज आणि वस्तुस्थिती

एअर इंडिया सरकारने काढली आणि टाटांनी ती २०२२ मध्ये विकत घेतली, असे सर्रास सांगितले जाते. यातला दुसरा भाग खरा, पहिला चुकीचा. कंपनीचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ चा. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून पुस मॉथ जातीचे एका इंजिनाचे विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरवले. या उड्डाणाभोवतीही दोन गैरसमज आहेत. विमानात प्रवासी होते, हा एक; होती ती टपालाची पोती. जेआरडींनी विमान थेट मद्रासपर्यंत नेले, हा दुसरा. मुंबईपासून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल विन्सेंट यांनी पार पाडला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. पहिल्या वर्षभरात प्रवासी मिळाले अवघे १५५. पोट भरत होते ते टपालावर.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची ‘एअर इंडिया’ झाली. परदेशी उड्डाणांसाठी १९४८ मध्ये ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही वेगळी कंपनी निघाली, तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात मात्र एक गंमत झाली, ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. देशांतर्गत सेवा देणारी मूळ एअर इंडिया इतर खासगी कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली. आज जे नाव चालते ते एअर इंडिया इंटरनॅशनलच्या वारशातून आलेले आहे. १९६२ मध्ये त्यातले ‘इंटरनॅशनल’ गळाले. सरकारीकरण होताच टाटांना दूर केले गेले, हेही खरे नाही. जेआरडी पुढे पंचवीस वर्षे अध्यक्ष होते. त्यांना पदावरून हटवले गेले ते १९७८ मध्ये.

१९९० च्या कुवेत प्रकरणात एअर इंडियाची विमाने कुवेतमधून लाखभर भारतीयांना उचलून घेऊन आली, असे चित्र अनेकांच्या मनात पक्के झाले आहे. कुवेत इराकच्या ताब्यात असताना तिथून प्रवासी विमानसेवा चालणे शक्यच नव्हते. बहुतेक लोक रस्त्याने इराक ओलांडून जॉर्डनची राजधानी अम्मान इथे पोचले आणि तिथून विमानाने मुंबईला आले. दोन महिन्यांत जवळजवळ पाचशे फेऱ्या झाल्या आणि एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे परतली.

विक्रीच्या आकड्याबाबतचा गोंधळ अजून संपलेला नाही. टाटांनी सरकारला १८,००० कोटी रुपये रोख दिले, असे अनेकांना वाटते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य झालेल्या या बोलीत रोख रक्कम २,७०० कोटींची होती; उरलेले १५,३०० कोटी म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचे तेवढे कर्ज स्वीकारणे. एकूण कर्ज साठ हजार कोटींहून अधिक होते. त्यातला मोठा भाग सरकारने स्वतःकडे ठेवून एका वेगळ्या कंपनीत वळवला. ‘फुंकून टाकली’ म्हणणारे आणि ‘तिजोरी भरली’ म्हणणारे दोघेही हा हिशेब अर्धाच सांगतात. ताबा दिला गेला २७ जानेवारी २०२२ रोजी. नरिमन पॉइंटची तेवीस मजली इमारत या व्यवहारात नव्हतीच. कंपनीचे मुख्यालय तिथून २०१३ मध्येच दिल्लीला गेले होते, आणि इमारत पुढे महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटींना घेण्याचे ठरले.

आणखी बरेच काही टाटांकडे गेले नाही. विमानांची देखभाल करणारी एआयईएसएल आणि विमानतळावरची कामे करणारी एआयएएसएल या दोन्ही कंपन्या सरकारकडेच राहिल्या. नागपूरच्या मिहानमधले देखभाल केंद्र एआयईएसएलचे आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना इथे भरतीसाठी हजारो तरुण लोटले, तेव्हा ‘एअर इंडियाची भरती’ अशा बातम्या झळकल्या. भरती होती एआयएएसएलची, म्हणजे सामान चढवणे-उतरवणे यांसारख्या कामांची. नावातल्या ‘एआय’ या दोन अक्षरांमुळे अनेकांची फसगत झाली.

देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी एअर इंडियाच, हा समज तिच्या वयामुळे टिकून आहे. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी नेते ती इंडिगो, जिने पहिले उड्डाण २००६ मध्ये केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही विमान कंपनी तिच्यात विलीन झाल्यावर एअर इंडियाचा ताफा वाढला आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे तिचा सुमारे चतुर्थांश वाटा आला, तरी हे अंतर मिटलेले नाही.

भिवंडीच्या कामतघर-अंजूरफाटा भागातून आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्याच्या हाती तिकीट येते, तेव्हा त्यावरच्या दोन अक्षरांकडे पाहणे उपयोगाचे ठरते. ‘एआय’ म्हणजे एअर इंडिया, ‘आयएक्स’ म्हणजे एअर इंडिया एक्स्प्रेस. दोन्ही टाटांच्याच, पण कंपन्या वेगळ्या. दुसरी २००५ मध्ये कमी भाड्याची सेवा म्हणून निघाली. सामानाचे वजन आणि जेवण यांचे तिचे नियम निराळे. ‘एआय’ असूनही विमान एअर इंडियाचेच असेल, याचीही खात्री नाही. २०१४ पासून कंपनी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे आणि भागीदार कंपनीच्या विमानावर आपला क्रमांक लावून तिकीट विकण्याची पद्धत जगभर रूढ आहे. प्रत्यक्ष उड्डाण कोणाचे, ते तिकिटावर बारीक अक्षरांत छापलेले असते. विमानतळाचा संकेतही पाहून घ्यावा: सहार-सांताक्रूझचा ‘बीओएम’, नवी मुंबईचा ‘एनएमआय’. सहार म्हणजे परदेश आणि सांताक्रूझ म्हणजे देशांतर्गत, ही जुनी विभागणीही आता तशी राहिलेली नाही.

शेपटीवर नाव आहे म्हणून विमान कंपनीच्या मालकीचे असते, असेही नाही. जगातल्या विमान कंपन्या कितीतरी विमाने भाडेपट्ट्याने चालवतात. मालक दुसराच असतो. पंतप्रधानांच्या ‘एअर इंडिया वन’ या विमानाचे नावही असेच फसवे. पूर्वी एअर इंडियाचीच विमाने आणि वैमानिक असत. २०२० मध्ये दाखल झालेली दोन बोइंग ७७७ विमाने हवाई दलाचे वैमानिक चालवतात.

प्रवासी विमान फक्त प्रवासी नेते, हा समज भिवंडीसारख्या गोदामांच्या गावात तरी टिकू नये. आसनांच्या खालच्या मजल्यावर, बॅगांच्या शेजारी, व्यापारी माल भरलेला असतो. बोइंग ७७७-३०० सारख्या विमानाच्या पोटात प्रवाशांचे सामान धरून वीस टनांहून अधिक भार मावतो. वजन, किंमत आणि घाई यांचे गणित जमले की गोदामातले खोके ट्रकने सहारच्या कार्गो विभागात जाते आणि एखाद्या कुटुंबाच्या पायांखालून दुबईला किंवा दिल्लीला पोचते.

‘मुंबईत आकाश स्वच्छ आहे, मग विमान दोन तास उशिरा का?’ हा प्रश्न प्रवासी सर्वाधिक विचारतात, आणि कंपनी काहीतरी लपवते असा निष्कर्ष काढतात. उत्तर बहुतेकदा विमानाच्या सकाळच्या फेऱ्यांत असते. एकच ए-३२० जातीचे विमान दिवसभरात पाच-सहा उड्डाणे करते. पहाटे दिल्लीच्या धुक्यात अडकलेले विमान दुपारी मुंबई-नागपूर फेरीला उशिरा येते, संध्याकाळी त्याहून उशिरा. दोन फेऱ्यांच्या मधल्या पाऊण तासात प्रवासी उतरतात, सफाई होते, इंधन भरले जाते, जेवणाच्या ट्रॉल्या बदलतात, अभियंता चाकांपासून इंजिनापर्यंत नजर टाकतो आणि लोडशीट तयार होते. माल, बॅगा, प्रवासी आणि इंधन यांचे वजन विमानात कुठे किती पडले, याचा हा ताळेबंद. त्यावर कॅप्टनची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. एखादा प्रवासी सामान चढवून स्वतः चढला नाही, तर त्याची बॅग शोधून खाली काढावी लागते. तेवढ्यात उड्डाणाचा स्लॉट, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, हातचा जातो. वैमानिकांच्या कामाचे तास नियमाने बांधलेले असतात. मर्यादा गाठली की विमान सुस्थितीत असूनही नवे वैमानिक येईपर्यंत थांबावे लागते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी उड्डाणे होत नाहीत आणि गेलेला स्लॉट लगेच परत मिळत नाही.

भाडे वाढले की कंपनीच्या लोभाला बोल लावला जातो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही, पण कंपनीच्या खर्चातला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक एकट्या इंधनाचा असतो. विमानाचे इंधन जीएसटीत नाही. त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट बसतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला.

उशीर झाला की रोख भरपाई मिळते, हा शेवटचा आणि खिशाला झोंबणारा गैरसमज. विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएच्या नियमांत उशिरासाठी रोख भरपाई नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे थांबावे लागले तर खाणेपिणे, आणि देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून अधिक लांबणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांतले एक प्रवाशाने निवडायचे. रोख भरपाई असते ती वेळेत न कळवता रद्द केलेल्या उड्डाणासाठी, तीही उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांच्या मर्यादेत. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी तीही नाही. निश्चित तिकीट असूनही जागा नाही म्हणून चढू न दिल्यास आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान न दिल्यास हक्क मोठा आहे: चोवीस तासांच्या आतले विमान दिले तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्यापलीकडचे दिले तर चौपट, कमाल २०,००० रुपये.