नायकाच्या पाठीशी कोण?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आमच्यापैकी अनेकांचे बालपण इंद्रजाल कॉमिक्सच्या सोबतीने गेले. १९६४ मध्ये मुंबईहून निघू लागलेली ही चित्रकथांची मालिका १९९० मध्ये बंद पडली. वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, बहादूर हे तिचे नायक. ते वाचक आज आईबाप झाले असून त्यांची मुले पडद्यावर एकाच वेळी दहा-बारा महानायक पाहतात. तेव्हा मुलांसोबत एक गोष्ट तपासून पाहावी असे आम्हास वाटते: नायकाच्या सोबत्यांना कथेत काम काय दिले आहे?

वेताळाची कथा घ्या. समुद्रातून वाहून आलेल्या पहिल्या वेताळाचे प्राण बांदर जमातीने वाचविले. पुढे त्याच्या गुहेची राखण आणि ढोलावरून निरोप पोहोचविणे ही कामे त्यांच्याकडेच राहिली. सिंहासन मात्र वेताळाचे! ज्यांनी वाचविले तेच रक्षिलेले ठरले. मॅन्ड्रेकचा सोबती लोथार खरा राजपुत्र. पण सुरुवातीला त्याच्या अंगावर बिबट्याचे कातडे आणि तोंडी मोडकीतोडकी भाषा होती. १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स हे चित्रे काढू लागले, त्यानंतर लोथारला नीट कपडे आणि नीट बोली मिळाली. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये आणलेला बहादूर मात्र नागरिक सुरक्षा दल उभारतो, गावकऱ्यांनाच संरक्षणास तयार करतो. त्याची सोबतीण बेलाही स्वतः लढते.

सोबती पुष्कळ झाले की लेखकाची पंचाईत होते. पाने थोडी, तोंडे फार. मग काहीजण फक्त गर्दी भरतात. यावर उपाय एकच: नायकाला जे जमत नाही असे एक काम प्रत्येकाच्या हाती द्यावे.

महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहावर कुणी चित्रकथा काढावयाचे ठरविले तर हेच करावे लागेल. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी ठराव मांडला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या पाठीशी राहिले. रा. बा. मोरे यांनी तयारीसाठी पायपीट केली. हजारो स्त्री-पुरुष बाबासाहेबांच्या मागोमाग तळ्यावर गेले आणि परतताना मारही त्यांनीच खाल्ला. एवढी माणसे चित्रात आली म्हणून बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट त्यांनी केवढी माणसे उभी केली ते दिसते.

वाचकहो, मुलांसोबत पुढचे कॉमिक वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. बुद्धी कोणी चालविली? धोका कोणी पत्करला? शेवटी नाव कोणाचे झाले? तिन्ही उत्तरे एकच आली, तर मूल एवढेच शिकेल की कुणीतरी येईल आणि आपल्याला सोडवील. आपल्या वस्तीतील मंडळे, वाचनालये चालवायला उद्या याच मुलांची गरज आहे.