'लीड टू' : कार्यकारणभाव सांगणारा एक इंग्रजी प्रयोग

विज्ञानाचा कोणताही इंग्रजी ग्रंथ उघडला असता 'लीड टू' हे दोन लहान शब्द वाचकास पुन्हा पुन्हा भेटतात. 'लीड' या क्रियापदाचा मूळ अर्थ वाट दाखवीत पुढे नेणे असा आहे आणि 'टू' हे अव्यय ती वाट कोठे पोहोचते ते सांगते. 'धिस रोड लीड्स टू द व्हिलेज' म्हणजे हा रस्ता गावाला जातो. याच अर्थाचा विस्तार होऊन एक घटना दुसरीस कारण होते, हे सांगण्यासाठीही हा प्रयोग रूढ झाला. तो शिकण्यास सोपा आहे. परंतु त्याचा वापर करणारा मनुष्य आपल्या शिरावर एक जबाबदारी घेत असतो, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात प्रथम या प्रयोगाची रचना आणि नंतर ती जबाबदारी यांचा विचार करावयाचा आहे.

रचनेचे नियम

या प्रयोगात कारण आधी येते आणि कार्य नंतर. 'हेवी रेन लेड टू फ्लड्स', म्हणजे अतिवृष्टीमुळे पूर आले. 'रिझल्ट इन' या प्रयोगाचा क्रमही असाच आहे. 'रिझल्ट फ्रॉम' मध्ये मात्र क्रम उलटतो. तेथे कार्य आधी व कारण नंतर येते. अव्ययाकडे दुर्लक्ष केल्यास कारणास कार्य व कार्यास कारण समजण्याची चूक घडते.

भूतकाळी रूप 'लेड' असे होते व ते तीन अक्षरांनी लिहितात. सीसे या धातूच्या इंग्रजी नावाचा उच्चारही 'लेड' असाच आहे. परंतु त्याची चार अक्षरे वर्तमानकाळी 'लीड' प्रमाणे लिहिली जातात. त्यामुळे सरावलेल्या लेखकांच्या हातूनही येथे प्रमाद होतो.

'टू' नंतर नाम किंवा 'इंग' प्रत्ययान्त रूप यावे. 'द फ्लड लेड टू द क्लोजिंग ऑफ द ब्रिज' हे शुद्ध. 'लेड टू क्लोज द ब्रिज' हे अशुद्ध. क्रियापद व 'टू' यांच्यामध्ये व्यक्ती आली, तर मात्र पुढे मूळ क्रियापद चालते. 'मॅन्सन्स अ‍ॅडव्हाइस लेड रॉस टू एक्झामिन मॉस्किटोज', म्हणजे मॅन्सन यांच्या सल्ल्याने रॉस डासांची तपासणी करण्यास प्रवृत्त झाले. पहिल्या वाक्यात एक घटना उद्भवते. दुसऱ्यात एका मनुष्याचे मन वळते.

वाटेवरील पायऱ्या

रॉस यांचे हे उदाहरण येथे सहज आलेले नाही. दलदलीच्या प्रदेशात हिवताप अधिक असतो, हे मनुष्यास फार पूर्वीपासून ठाऊक होते. 'मलेरिया' हा शब्दच 'दूषित हवा' या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून बनला आहे. दलदलीवरील हवेने ताप येतो, अशी समजूत होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठराच्या भित्तीत त्या रोगाचे परोपजीवी आढळले. १८९८ मध्ये कलकत्ता येथे पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून ते डासाच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी दाखविले.

आता 'स्वॅम्प्स लीड टू मलेरिया' हे वाक्य घ्या. हवेचा सिद्धांत खोटा ठरला, तरी हे वाक्य खोटे ठरले नाही. दलदलीत पाणी साचते, त्यात डास वाढतात, डास परोपजीवी वाहून नेतात आणि त्यांच्या दंशाने ताप येतो. 'लीड टू' वाट आहे एवढेच सांगते. वाटेवरील पायऱ्या सांगत नाही. दलदल बुजविणाऱ्यास तेवढे ज्ञान पुरे पडते. परंतु ज्या गावी दलदल नाही, पण हौद व विहिरी उघड्या आहेत, तेथे मधली पायरी ठाऊक नसेल तर रोगाचे निवारण कसे होणार?

अन्वय आणि व्यतिरेक

एकामागून दुसरे घडले, एवढ्यावरून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, ही म्हण मराठी वाचकास परिचित आहेच. कारण असता कार्य असणे हा अन्वय आणि कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक, या दोहोंनी कार्यकारणभाव निश्चित करावा, असे आपल्या नैयायिकांनी सांगितले आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंडाचा रोग मोठ्या प्रमाणावर होता. पर्वतीय जमिनीतील आयोडीन पावसाने व बर्फाच्या पाण्याने वाहून जाते. अन्नपाण्यात त्याची उणीव पडते. गळ्यातील अवटू ग्रंथीस आपला स्राव पुरेसा तयार करता येत नाही. तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका तिला अधिक चेतवते आणि ती फुगते. ही झाली वाट. तिची परीक्षा डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी केली. १९५६ पासून खोऱ्याच्या तीन भागांपैकी दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ व एका भागात साधे मीठ देण्यात आले. १९६२ च्या सुमारास पाहता पहिल्या दोन भागांत गलगंड बराच घटला होता. साधे मीठ खाणाऱ्या भागात तो घटला नव्हता. पुढे त्या भागासही आयोडीनयुक्त मीठ दिल्यावर तेथेही तो उतरणीस लागला. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमही १९६२ मध्येच सुरू झाला. 'आयोडीन डेफिशियन्सी लीड्स टू गॉइटर' असे आज निःशंकपणे लिहिता येते, त्यामागे या प्रकारचे परिश्रम उभे आहेत.

मराठीत मांडताना

'लीड टू' चे शब्दशः भाषांतर करून 'उणीव गलगंडाकडे नेते' असे लिहिणे मराठीच्या प्रकृतीस मानवत नाही. आपणाजवळ 'मुळे' हे स्वच्छ शब्दयोगी अव्यय आहे आणि 'मूळ' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. पायऱ्या दाखवावयाच्या असतील तर 'पाणी साचून डास वाढतात' अशी 'ऊन' प्रत्ययाची रचना अधिक उपयोगी पडते. 'कारणीभूत होणे' व 'पर्यवसान होणे' हे प्रयोग बहुधा अनिष्ट परिणामांसाठी येतात. इंग्रजी प्रयोग मात्र इष्ट व अनिष्ट दोहोंस चालतो, हे भाषांतरकाराने विसरू नये.

सर्वांत अधिक सावधगिरी 'कॅन' व 'मे' या लहान साहाय्यक शब्दांविषयी बाळगावी. आयोडीन कमी मिळालेल्या प्रत्येकास गलगंड होतोच असे नाही. म्हणून मूळ लेखकाने 'कॅन लीड टू' लिहिले असेल, तर मराठीत 'होतो' न लिहिता 'होऊ शकतो' असेच लिहिले पाहिजे. हा एक शब्द गळाला की शक्यतेची निश्चिती होते, वाचक विनाकारण घाबरतो आणि पुढे भाकीत खोटे ठरले म्हणजे खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवीत नाही.

तेव्हा 'लीड टू' लिहिताना किंवा वाचताना तीन प्रश्न विचारावेत : मधल्या पायऱ्या कोणत्या? कारण दूर केल्यास कार्य थांबते काय? आणि हे नेहमी घडते की कधी कधी? ज्यास यांची उत्तरे देता येतील, त्याने हा प्रयोग खुशाल करावा. ज्यास ती देता येत नाहीत, त्याने 'या दोन गोष्टी एकत्र आढळतात' एवढेच लिहून थांबावे.