मासळीचा टेम्पो: बर्फ, खारं पाणी आणि पत्र्याचं गणित



आजचा विषय आहे लहान मालवाहू गाडी. मालवण, देवगड, वेंगुर्ला, आचरा या पट्ट्यात लिलाव संपला की जेटीवरून मासळी उचलून कुडाळ-कणकवलीला, गोव्याला, नाहीतर घाट चढून कोल्हापूर-बेळगावला नेणारी गाडी. आपण तिला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. हा शब्द जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या ब्रँडचा. १९५८ पासून बजाज टेम्पोने तिच्या तीनचाकी गाड्या महाराष्ट्रात बनवायला घेतल्या आणि कंपनीचं नाव गाडीच्या जातीचं नाव होऊन बसलं. पुढे २००५ मध्ये टाटा एस आली, म्हणजे आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं सुमारे ७०० सीसीचं डिझेल इंजिन, चार चाकं आणि साधारण पाऊण टनाची क्षमता. लहान व्यापाऱ्याला परवडणारी खरी चारचाकी मालगाडी ती हीच.

पण कंपनीतून येते ती उघड्या हौद्याची गाडी. तिची मासळीची गाडी आपण करतो. बॉक्स बसवतो, पाटे वाढवतो, दिवे लावतो. आणि चार-पाच वर्षांत तीच गाडी खालून पोखरलेली दिसते. आज आपण बघणार आहोत की हे दोन्ही विषय, म्हणजे गाडीत केलेले बदल आणि तिची दुरुस्ती, मुळात एकच आहेत. आज पाडलेलं भोक हे पाच वर्षांनंतरचं वेल्डिंग असतं.

आधी गंज समजून घेऊ. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू लागतो. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं आणि पत्र्यावरचा संरक्षक थर फोडतं, त्यामुळे तीच प्रक्रिया कितीतरी पटीने वेगात होते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मासळीच्या क्रेटमधून गळणारं पाणी म्हणजे वितळलेला बर्फ, त्यात हे खारं पाणी आणि माशांचं रक्त. ते हौद्याच्या सांध्यात शिरतं आणि तिथेच राहतं.

इथे नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: ‘गाडी पावसाळ्यात घराकडेच आसता, तरी गंजता कित्याक?’ प्रश्न बरोबर आहे. उत्तर मिठाच्या स्वभावात आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्रातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेत ओले होतात. कोकणात पावसाळाभर हवा त्या मर्यादेच्या वरच असते. म्हणजे मीठ न धुता शेडमध्ये उभी केलेली गाडी आपल्याला कोरडी दिसते, पण पत्र्याच्या लेखी ती भिजलेलीच असते. उलट, गोड्या पाण्याने खालून नीट धुतलेली गाडी पावसात उभी राहिली तरी तुलनेने बरी. म्हणून पहिला नियम: शेडपेक्षा धुणं महत्त्वाचं. वरून चकचकीत नको, खालून धुवा. चासीच्या आतल्या कडा, चाकांच्या कमानी, फाळक्याच्या बिजागऱ्या, ब्रेकचे पाइप.

आता दुसरा प्रश्न मच्छीमार मंडळींकडून येतो. बोटीला आपण जस्ताचे तुकडे लावतो, ते झिजतात आणि लोखंड वाचतं. मग तेच टेम्पोला लावले तर? नाही चालत. जस्त लोखंडाला वाचवतं ते दोघंही एकाच पाण्यात सतत बुडालेले असतील तरच. टेम्पोवर पाण्याचे सुटे थेंब असतात. चासीच्या टोकाला लावलेला जस्ताचा तुकडा फार तर आजूबाजूचे काही सेंटिमीटर वाचवेल. त्यापेक्षा पत्र्यावर जस्ताचा थर असलेला गॅल्व्हनाइझ्ड माल वापरा, तिथे जस्त सगळीकडे पसरलेलं असतं.

याच तत्त्वाची उलटी बाजूही आहे. बॉक्समध्ये स्टेनलेस पत्रा बसवतात आणि तो ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटने ठोकतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. यात कमजोर धातू झिजतो, आणि तो आकाराने लहान असेल तर फार वेगाने झिजतो. लहान रिव्हेट आणि मोठा पत्रा ही सगळ्यात वाईट जोडी. थोड्याच दिवसांत रिव्हेटची डोकी सुटतात, पत्रा हलतो, पाणी आत जातं. स्टेनलेसला स्टेनलेसचाच रिव्हेट घ्या. आणि ‘स्टेनलेस’ ऐकून थांबू नका, ग्रेड विचारा. बाजारात स्वस्त मिळणारा २०२ खाऱ्या पाण्यात ठिपके-ठिपके गंजतो, ३०४ बरा टिकतो.

याहून सोपा मार्ग आपल्या दारातच आहे. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बनवणारे, दुरुस्त करणारे कारागीर आहेत. बॉक्सला आतून फायबरचं अखंड अस्तर द्यायचं काम ते उत्तम करू शकतात. सांधे नाहीत, रिव्हेट नाहीत, कोपरे गोल. जी होडी समुद्रात पाणी आत येऊ देत नाही, तेच काम इथे उलटं करायचं आहे, पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही.

आता बॉक्सचं गणित करू. समजा बॉक्स २.२ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, १.२ मीटर उंच आहे. सगळ्या बाजू मिळून क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटरच्या आसपास. भिंतीत ५० मिलिमीटर पफ, बाहेर ३३ अंश, आत शून्य. अशा वेळी भिंतींतून साधारण २५५ वॅट उष्णता आत येते. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. हिशेब केला तर तासाला पावणेतीन किलो बर्फ जातो, आठ तासांत २२ किलो. दार उघडणं, फटी, उन्हाने तापलेलं छप्पर धरून दुप्पट करा, ४४ किलो.

पण खरा बर्फ खातो तो मासा. २८ अंशांचा एक किलो मासा शून्यावर आणायला साधारण ३०० ग्रॅम बर्फ लागतो. आता गाडीची क्षमता ७५० किलो धरू. त्यातून बॉक्सचं वजन १५० आणि दोन माणसं १४० वजा करा. उरले ४६०. मासळी ३२० किलो असेल तर ती थंड करायला ९६ किलो बर्फ, वाटेसाठी ४४, मिळून १४०. झाले ४६०. म्हणजे ‘पाऊण टनाची गाडी’ प्रत्यक्षात ३२० किलो मासळीची आहे.

हाच आकडा मान्य होत नाही, आणि मग पाटे वाढवले जातात. पण मासळी जेटीवरच बर्फात घालून थंड केली, वितळलेलं पाणी तिथेच काढून टाकलं आणि मग भरली, तर वाटेपुरता ४४ किलो बर्फ पुरतो. त्याच गाडीत ४१६ किलो मासळी बसते. जवळजवळ १०० किलो जास्त, एकही पाटा न वाढवता. शिवाय वाटेत पाणी सुटतं तेही ४४ लिटरच. बॉक्सच्या तळाला मागच्या एका कोपऱ्याकडे उतार द्या, पूर्ण लांबीत चारेक सेंटिमीटर पुरतो. तिथून नळी चासीला न लागू देता पंचवीस लिटरच्या दोन कॅनमध्ये सोडा. हे पाणी रस्त्यावर सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला वळणावर घसरतो. गाडीचा गंज आपला खर्च आहे, त्या माणसाचा हात-पाय आपला नाही.

पाट्यांविषयी स्पष्ट बोलू. पाटा वाढवला की गाडी मागून बसत नाही, त्यामुळे जास्त भार दिसत नाही. पण ब्रेक तेवढेच राहतात, बेअरिंग तेवढीच, टायर तेच, चासी तीच. आणि आपल्याला घाट आहेत. फोंडा घाट, करूळ, आंबोली. मासळी घेऊन गाडी वर जाते आणि येताना रिकामी येत नाही, भाजी भरून येते. म्हणजे भरलेली गाडी उतारावर. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये असं मानक आहे. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंश आहे. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आपल्या दमट हवेत दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलाच. उतारावर ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपवर गंजाचे पापुद्रे दिसले तर पॉलिश पेपर मारून रंग देऊ नका. पाइप बदला.

बॉक्स बसवताना काही गोष्टी कारागिराला ठामपणे सांगा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नको, वेल्डिंग नको. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, तडा तिथूनच सुरू होतो. बॉक्स यू-बोल्टने बांधा. मध्ये लाकडाची पट्टी घालतात, ती पाणी धरून ठेवते. जाड रबर घाला. कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड त्याच दिवशी प्रायमर आणि रंगाने बंद करा.

मारुती ओम्नीसारखी व्हॅन असेल तर आणखी जपा. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद. दाराखालची पट्टी गंजली की नुसता रंग जात नाही, गाडीचा कणा कमजोर होतो. तिथे पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे मोडक्या हाडावर नुसती पट्टी बांधणं.

जळकं ऑइल फवारायचं का? हे सगळीकडे करतात. त्याने काही दिवस पाणी लागत नाही, पण रबरी बुश आणि होज फुगतात, आणि पहिल्या पावसात ते ऑइल विहिरीच्या, खाडीच्या पाण्यात जातं. गंजावरच जाड काळा कोट मारला तर आत ओल कोंडते आणि पत्रा गुपचूप सडतो. क्रम असा ठेवा: धुणं, पूर्ण सुकवणं, गंज खरवडणं, प्रायमर, रंग, आणि बंद पोकळ्यांत मेण. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासळीची गाडी तशीही रिकामी असते. त्याआधी, मेच्या कडक उन्हात हे काम उरकलं तर रंग नीट धरतो.

शेवटी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा भाराला वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि माल तिथेच उतरवावा लागतो. उन्हात उतरवलेली मासळी किती वेळ टिकते हे मी सांगायला नको. म्हणून ग्राइंडर लावण्याआधी आरटीओत विचारा, बॉक्सची नोंद आरसीवर करून घ्या. पासिंगला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी जावं लागतं, तेव्हा हे सगळं समोर येतंच. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी हेच बघते.

बऱ्याच घरांत हा टेम्पो कर्जावर घेतलेला असतो. हप्ते संपायच्या आधी चासी संपली, तर राहतं ते फक्त कर्ज. म्हणून घरी गेल्यावर एकच करा. गाडीखाली गोणपाट टाकून आडवे व्हा, टॉर्च लावा आणि बॉक्सचं पाणी नेमकं कुठे पडतं ते बघा. दुरुस्ती तिथूनच सुरू करा.

आता प्रश्न घेऊ.