पक्ष्यांच्या तापाचा जगप्रवास

कोंबड्यांचे खुराडे दोनतीन दिवसांत ओस पाडणारा रोग त्यांच्याबरोबरच संपावयास हवा; मग तो टिकतो कसा? उत्तर रानबदकांपाशी आहे. ती पुष्कळदा स्वतः आजारी न पडता विष्ठेवाटे विषाणू पाण्यात सोडतात, आणि थंड पाण्यात तो कित्येक आठवडे तग धरतो. १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांत आढळलेल्या एच५एन१ विषाणूचे वंशज कोंबड्यांच्या व्यापाराबरोबर आणि ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करणाऱ्या पाखरांबरोबर पसरत गेले. २००६ साली ते आपल्या नवापुरात, २०२१ साली उत्तर अमेरिकेत आणि २०२४ साली अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळले. पाखरांस सीमा नाहीत. म्हणून पाळीव कोंबड्या रानपाखरांच्या पाणवठ्यापासून दूर राखणे, हा आपल्या हातचा पहिला बांध होय.