स्वराज्याच्या सनदा

करमाळ्याचा किल्ला रावरंभा निंबाळकर यांनीं बांधावयास घेतला व त्यांचे पुत्र जानोजी यांनीं तो पुरा केला. गांवाबाहेरील कमलाभवानीचें देवालयहि रावरंभांच्याच नांवानें ओळखलें जातें. हे गृहस्थ मराठे, एके काळीं शाहू छत्रपतींच्या पदरचे. परंतु करमाळ्याची जहागीर त्यांनीं भोगिली ती निजामाचे सरदार म्हणून. मराठ्यांचें राज्य ऐन भरास येत असतां साताऱ्याहून थोड्या मजलांवर निजामाचा मराठा जहागीरदार नांदतो, हें आज वाचणारास चमत्कारिक वाटतें. त्याचा उलगडा १७१९ सालच्या तहांत आहे.

औरंगजेब १६८१ सालीं दक्षिणेंत उतरला तो १७०७ त अहमदनगरास मरेपर्यंत परत गेला नाहीं. १६९५ पासून सुमारें चार वर्षें त्याची मुख्य छावणी याच सोलापूर जिल्ह्यांत, भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस होती. माचणूरचा किल्ला अद्याप तिची साक्ष देतो. एवढ्या दीर्घ युद्धाअंतीं बादशहास मराठे मोडतां आले नाहींत आणि मराठ्यांस बादशाही उलथतां आली नाहीं. अशा लढाईनंतरचा तह विजयानंतरच्या तहाहून अवघड असतो. कारण दुसऱ्यास अटी घालून देण्याच्या स्थितींत कोणीच नसतो.

मराठ्यांपुढें ध्येय होतें तें १६७४ च्या राज्याभिषेकाचें. शिवाजी महाराजांनीं स्वतःचें सिंहासन व स्वतःचा शक स्थापिला, त्याचा अर्थच असा, कीं हें राज्य कोणाच्या कृपेनें मिळालेलें नाहीं. उलट शाहू अठरा वर्षें मोगली छावणींत वाढलेला. १७०७ त त्याची सुटका झाली, पण मातोश्री येसूबाई ओलीस म्हणून मागें राहिल्या. ताराबाईंनीं त्याचा हक्क नाकारला. पुष्कळ लेखक ताराबाईंस निर्भेळ ध्येयवादाची मूर्ति व शाहूस तडजोडीचा पुतळा ठरवितात. तें तितकेंसें खरें नाहीं. १७०९ सालीं बहादूरशहाच्या दरबारीं सनदांसाठीं दोघांचेहि वकील उभे होते.

पुढें दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेनअली यास दिल्लींत खुद्द बादशहाशींच झुंजण्याची पाळी आली, तेव्हां त्याला मराठ्यांची फौज हवीशी झाली. १७१८ त शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीनें बोलणें झालें. शिवाजी महाराजांच्या वेळचें स्वराज्य बहुतांशीं परत मिळावें, दक्षिणेच्या ६ सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मिळावी आणि येसूबाईंस सोडावें, अशी मराठ्यांची मागणी. मोबदल्यांत शाहूनें बादशहाची अधिसत्ता मानावी, १० लाखांची पेशकश द्यावी, चौथाईबद्दल १५,००० स्वार चाकरीस ठेवावे व सरदेशमुखीबद्दल मुलुखांत बंदोबस्त राखावा. फर्रुखसियर बादशहानें हा करार मान्य केला नाहीं. बाळाजी विश्वनाथ पेशवे फौजेसह हुसेनअलीबरोबर दिल्लीस गेले. फेब्रुवारी १७१९ मध्यें तो बादशहा पदच्युत झाला आणि मार्चांत सनदा हातीं आल्या. त्या धामधुमींत दिल्लीच्या रस्त्यांवर हजारावर मराठे कामीं आले, हेंहि जमाखर्चांत धरलें पाहिजे.

आपल्याच मुलुखासाठीं पेशकश द्यावयाची, ही गोष्ट अभिमानी मनास झोंबणारी खरी. पण दुसऱ्या पारड्यांत काय होतें तें पाहावें. रायगडास वेढा पडत असतां राजारामांस बाहेर पडण्याचा सल्ला देऊन जी स्वतः मुलासह मागें राहिली, ती येसूबाई तीस वर्षांच्या बंदिवासानंतर साताऱ्यास आली. मागें गेली तेव्हां ती तरुण होती. परतली तेव्हां वार्धक्याच्या उंबरठ्यावर. शिवाय ज्या बादशहाची अधिसत्ता मान्य केली, तो सय्यदबंधूंच्या हातचें बाहुलें होता. मानाच्या बाबतींत बाळाजीनें केलेली तडजोड स्वस्तच पडली.

महाग पडली ती दुसरीच. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. मिळून शेंकडा ३५. उरलेले ६५ मोगल सुभेदाराचे. म्हणजे एकाच गांवच्या एकाच पिकावर दोन सरकारें! एकाचा अंमलदार पाठमोरा होतो न होतो तों दुसऱ्याचा दारांत. सीमा आंखून हें माझें, तें तुझें, असें झालें असतें तर मुलूख कमी मिळाला असता, पण भांडणाचें मूळ तुटलें असतें. सीमा आंखण्यास मात्र कोणीच राजी नव्हतें. दुअंमलींत उभयतांसहि आपला पाय पुढें सरकविण्याची आशा होती.

बरोबर २०० वर्षांनीं, १९१९ त, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीं उलट चूक केली. १४ कलमांचें ध्येय घेऊन ते पॅरिसला गेले, तेथें बरेंच सोडून दिलें. पण मायदेशीं सेनेटच्या अटींपुढें तसूभर हलले नाहींत. ज्या राष्ट्रसंघासाठीं सारा खटाटोप, त्यांत अमेरिकाच आली नाहीं. बाळाजीनें नांव सोडलें व वस्तु घेतली; विल्सन यांच्या हातीं दोहोंपैकीं फारसें कांहीं उरलें नाहीं.

दक्षिणेंत दुअंमलीचें फळ लवकरच दिसलें. १७२४ सालीं निजाम येथें जवळजवळ स्वतंत्र झाला. शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांपैकीं खरा छत्रपति कोण, हें ठरेपर्यंत चौथाई देतां येत नाहीं, असा पेंच त्यानें १७२७ त काढला. चंद्रसेन जाधव व रावरंभा निंबाळकर त्याच्याच बाजूस होते. १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेडास बाजीरावानें त्याला कोंडलें आणि मार्चांत मुंगी-शेवगांवचा तह झाला. चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामानें पुन्हां मान्य केला. सीमा याहि वेळीं आंखली गेली नाहीं. निंबाळकरांची जहागीर निजामाकडे राहिली आणि वसुलाच्या बाकीचा तंटा पिढ्यानपिढ्या चालला. १७९५ सालीं पेशवे व निजाम यांच्या फौजा करमाळ्याहून फार दूर नसलेल्या खर्ड्याच्या मैदानावर समोरासमोर आल्या, तेव्हांहि मागणी थकलेल्या चौथाईचीच होती.